गळक्या गाडीचा पावसाळा

आमच्या गाडीच्या छताकडे मी जेवढा वेळ टक लावून बघितलंय, तेवढा वेळ लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलेलं नाही. हे मी त्यांच्यासमोरच म्हणते. ते चहाचा घोट घेत म्हणतात, "छत गळतं, मी गळत नाही." श्रावण लागला, सरी ये-जा करू लागल्या, की मी हातात बॅटरी घेते, पदर खोचते आणि बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन पलंगावर आडवी पडते. वर बघत. यंदाही तेच चाललंय. रोडपालीतला पाऊस पत्र्यावर ताशा बडवतोय, खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ धावतायत आणि मी डोक्यावरच्या पांढऱ्या छतावर डाग शोधतेय, पेन्सिल उशाशी ठेवून.

वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईची हाक येते. "गलतंय का गो?"

"नाही गं आये!"

"नीट बग!"

मी नीट बघते. आई ऐंशीच्या घरात आहे, पण तिच्यापुढे मी अजून शाळेतलीच पोर.

गाडी म्हणजे घरगाडी. मुळात ती मिनीबस. तळोज्याच्या एका कारखान्यातल्या शिफ्टच्या माणसांची ने-आण करता करता म्हातारी झालेली. आमचे हे त्याच भागात नोकरीला होते. निवृत्त झाले आणि एक दिवस दारात ही बस घेऊन उभे राहिले. मला वाटलं, कुणाच्या लग्नाला जायचंय. मग बाकं उपटली गेली, त्या जागी दोन पलंग आले, छोटा ओटा आला, पाण्याची टाकी, संडास, पंखा, छताला मधोमध वर उघडणारा झरोका आणि टपावर विजेचं पॅनेल. सोसायटीतले लोक येताजाता डोकावून जायचे. कुणी विचारायचं, "काकू, फूड ट्रक काढताय का?" मी म्हणायचे, "हो, तुम्हालाच पहिली भजी." या सगळ्या हौसेत एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. झरोका बसवायला छत कापलं होतं. पॅनेल बसवायला छताला भोकं पाडली होती. हवा यावी, वीज यावी म्हणून ज्या ज्या वाटा आम्ही उघडल्या, त्या पावसानेही बघून ठेवल्या होत्या.

पण गाडी हौसेची नव्हती. गाडी आईसाठी होती.

आई मिठागरावर राबलेली बाई. आता उलव्याच्या बाजूला जिथे टॉवरांची रांग उभी आहे, तिथे माझ्या लहानपणी खाडीच्या काठाने मिठाचे वाफे होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, उन्हात आटवायचं आणि फावड्याने मीठ ओढायचं. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिचे पाय पोटरीपर्यंत पांढरे असायचे आणि टाचांच्या भेगा लालभडक. एकदा वार्षिक परीक्षेच्या दिवसांत मी ओट्यावर बसून भूगोल घोकत होते. कच्छच्या रणात पावसाळ्यात पाणी भरते, ते आटते आणि मैलोन् मैल मीठ साचते. आई पाय धूत होती. तिचा तांब्या हवेतच थांबला.

"कोन वडतं ता मीठ?"

"कोणी नाही. आपोआप साचतं."

"आपोआप?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातून काही चोरलंय. "बांध कोन घालतं?"

"बांध नाहीच तिथे."

"तुजा पुस्तक खोटा बोलतंय," असं म्हणून तिने भसाभस पायांवर पाणी ओतलं. पण त्या दिवसापासून ते मीठ तिच्या मनातून गेलं नाही. पुढे मीच शाळेत भूगोल शिकवू लागले, दरवर्षी तो धडा आला की मला तिचा तो हवेतला तांब्या दिसायचा. ती मात्र कधी कधी भाजीत मीठ टाकताना मधेच म्हणायची, "मना ता मीठ बगायचाय. कोनी न वडलेला."

आयुष्य असंच जातं आपलं. आधी आम्ही लहान होतो, मग बाबा आजारी होते, मग मिठागर गेलं, मग तिचे गुडघे गेले आणि शेवटी दमा आला. लॉजच्या गाद्यांचा वास घेतला की तिची छाती भरायची. रेल्वेच्या डब्यात चढणं जमत नव्हतं. वाफेचं मशीन सोबत हवं, ते लावायला वीज हवी, झोपायला स्वतःची स्वच्छ गादी हवी. म्हणून यांनी ठरवलं, सासूबाई घरातून बाहेर पडू शकत नाहीत ना, मग घरच त्यांना घेऊन जाईल. मला हे सांगताना स्वारी जरा लाजली होती. मी त्या दिवशी त्यांच्या आवडीची तळलेली मांदेली केली.

आईच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बोट रोखून सांगितलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली, कपाटामागे बुरशी धरली आणि आईला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. "आजींना बुरशी चालणार नाही," त्या म्हणाल्या. "गाडीत जरा जरी कुबट वास आला, तर मी पाठवणार नाही. पावसाळाभर गाडी कोरडी राहिली तर बघू." म्हणजे सगळं त्या छतावर येऊन ठेपलं. छत कोरडं राहिलं तर आईचं रण. नाही तर आईची खिडकी आणि समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं.

आणि छत गळलं. धो धो नाही, चोरपावलांनी. एका सकाळी आईच्या पलंगाच्या वर, छताच्या प्लायवर, चहा सांडल्यासारखा फिका डाग दिसला. मी पेन्सिल घेतली आणि डागाच्या कडेकडेने रेघ ओढली. भूगोलाच्या बाईंची खोड, दुसरं काय! दुसऱ्या सरीनंतर डाग रेघेबाहेर गेला होता. पुन्हा रेघ. मग आणखी एक. चार सरींत आमच्या छतावर एक देश तयार झाला आणि त्याच्या सरहद्दी रोज वाढू लागल्या. मी खुर्चीवर उभी राहून अंगठ्याने दाबून बघायचे, प्लाय घट्ट आहे की मऊ पडलाय.

आमच्या ह्यांचं म्हणणं साधं. डाग पलंगावर आहे, म्हणजे भोकही पलंगाच्या वरच असणार. टपावर चढून त्यांनी ती जागा घासली, पुसली, भरली. सर आली आणि देश आणखी वाढला. तेव्हा मला हळद सुचली. टपावरच्या एकेका सांध्यावर हळदीचं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि आत बसून वाट बघायची. हे वर, मी खाली. पलंगावरच्या पत्र्यावर ओतलं, काही नाही. मधल्या झरोक्याभोवती ओतलं, काही नाही. पॅनेलच्या स्क्रूंवर, नाही. शेवटी अगदी पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर लाल दिवा असतो ना, त्याच्या बुडाशी त्यांनी तांब्या रिकामा केला. मी छताकडे बघत बसले होते. मान अवघडली, चहा निवला, आणि मग गाडीच्या पार मागच्या टोकाला, आईच्या उशीच्या वर, पांढऱ्या छताला पिवळा थेंब फुटला.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. राग यायला हवा होता, पण आला तो काटाच. गाडीच्या एका टोकाला शिरलेलं पाणी, पत्र्याच्या आणि प्लायच्या मधल्या अंधारातून, लोखंडी पट्टीवरून सरकत, एकेक सांधा चाचपडत, उतार मिळेल तसं वळत इतक्या लांब आलं होतं. त्याला ना डोळे, ना नकाशा. आणि आलं ते नेमकं जिथे एका म्हातारीने डोकं टेकायचं तिथे. मी हाक मारून यांना आत बोलावलं. आम्ही दोघं त्या पिवळ्या थेंबाकडे बघत राहिलो, देवळात बघतात तसे.

आईला वर जाऊन सांगितलं. तिला पाण्याचं हे रूप ठाऊक होतं. मिठागरावर मीठ ओढून झालं की काठाला त्याच्या राशी करायचे आणि पावसाळ्याआधी त्यांवर गवताचं जाड छप्पर घालायचे. त्या छपराला एक जरी वाट राहिली तरी बाहेरून काही कळायचं नाही. रास दिसायला तेवढीच. आतून मात्र मीठ विरघळत, पाझरत, जमिनीतून खाडीला परत जात राहायचं. पावसाळा संपल्यावर छप्पर काढलं की खाली पोकळी. एका वर्षी आईने हात घातला आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. मी शेजारी उभी होते. रडली नाही ती, पण त्या पोकळीत हात घालून बराच वेळ तशीच बसून राहिली. म्हणून "गलतंय का गो" हा प्रश्न ती सहज विचारत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

त्यानंतर आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात.

आई म्हणाली, "जावय, आतशी लिंपा. बांध फुटला का आमी वाफ्यात उतरून आतशीच लिंपायचो. पानी दाबतंय नि माती बसते." ती इतक्या ठामपणे म्हणाली की कुणाला शंकाच आली नाही. मला तर नाहीच. मी त्याच चिखलात खेळून वाढले. बाप्ये पाण्यात उतरून आतल्या अंगाने बांधाला चिखल थापतायत, हे माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. जावईबापूंनीही मान डोलावली. सासूबाईंनी सांगितलं म्हणजे झालं! आम्ही गाडीच्या आतून, छताचा एकेक सांधा, एकेक स्क्रू, एकेक फट सिलिकॉनने भरून काढली. आई पलंगावर बसून बोट दाखवत होती, मी बॅटरी धरत होते, हे नळी दाबत होते. काय सुख होतं त्या कामात! जणू आम्ही मिठागरच पुन्हा बांधत होतो.

आणि पुढची मोठी सर आली, तर एक थेंब नाही! देश होता तिथेच थांबला. मी पेन्सिल ठेवून दिली. आईने बॅगेत नेसायची लुगडी काढून ठेवली, त्यातलं हिरवं रणासाठी. मी मिठाईच्या दुकानातून पेढे आणले आणि डॉक्टरीणबाईंनाही देऊन आले.

गणपती तोंडावर आले होते तेव्हाची दुपार. आई जेवून गाडीत जाऊन पडली होती, तिला तिथे आवडू लागलं होतं. मी तिचं पाणी घेऊन खाली उतरले आणि छताकडे बघितलं तर छत पोटुशीसारखं खाली आलेलं. "आये, ऊठ," एवढंच म्हणायला मला वेळ मिळाला. तिला हाताला धरून ओढलं आणि मागे प्लाय फाटून भसकन पाणी पडलं. काळपट, गढूळ, कुबट पाणी. गादी, उशी, बॅगेतलं ते हिरवं लुगडं, सगळं भिजलं. इतके दिवस पाणी आत येतच होतं. आम्ही त्याची खाली उतरायची वाट तेवढी बंद केली होती. ते पत्र्याच्या आणि प्लायच्या मधे साचत राहिलं, प्लाय कुजला आणि त्यावर बुरशीची काळी लव उगवली.

आई खोकायला लागली. वर नेलं, मशीन लावलं, पाठ चोळत बसले. तिचे ओठ जरा निळसर झाले होते. हे दारात उभे होते, भिजलेले, हातात तो फाटलेला प्लाय. "विकून टाकतो ती," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता विकतो." मला रडू फुटलं. वाटलं, कशाला ही हाव धरली आपण? बाई घरात धड श्वास घेत होती, तेवढंच पुरे नव्हतं का?

मशीनची वाफ हळूहळू संपली. आईचा श्वास खाली आला. तिने तोंडावरची वाटी बाजूला केली, जावयाच्या हातातल्या प्लायकडे बघितलं आणि एकदम हसायला लागली. मला वाटलं, पुन्हा खोकला. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अवो जावय," ती म्हणाली, "आमचा पानी आत हुता! आमाला ता कोंडायचा हुता. हितं पानी भायेर हाय. आपुन सगला उलटा लिंपला!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि अहो, मीही हसले. रडता रडता हसले. तीन जाणती माणसं! एकीने जन्मभर पाणी राखलं, एकीने जन्मभर नद्यांचे उतार शिकवले, एकाने जन्म कारखान्यातल्या नळांसोबत काढला, आणि तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की पाणी कुठल्या अंगाला आहे ते आधी बघावं.

"विकू नका," आई म्हणाली. "आता कललाय आपल्याला."

भाद्रपदात कधी कधी दोन-तीन दिवस लख्ख ऊन पडतं, तसं पडलं. आम्ही कुजलेला प्लाय उपटून फेकला, आतला सांगाडा उघडा करून उन्हात सुकवला. आता बाहेरून सगळ्या वाटा शोधायच्या होत्या, पण हळद किती ओतणार? तेव्हा ह्यांना पंक्चरवाला आठवला. ट्यूबमधे हवा भरून तो ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. गाडी काही बादलीत बुडवता येत नाही. मग त्यांनी ओळखीच्या सुताराकडून लाकडाचा भुसा उडवायचा मोठा ब्लोअर आणला. खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून त्याचं तोंड आत घातलं, बाकीच्या खिडक्या-दारं चिकटपट्टीने बंद केली, आणि ब्लोअर चालू केला. गाडीत हवा कोंडली. दारं किंचित फुगली. मी शिडीवर चढले आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी फवाऱ्याने सांध्यांवर मारू लागले.

आणि गाडी फुलायला लागली.

दुसरा शब्द मला सुचत नाही. पुढच्या लाल दिव्याच्या बुडाशी आधी एक बुडबुडा आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग बारीक फेसाचा गजराच. झरोक्याच्या चौकटीभोवती बुडबुडे वर येत होते, मोठे होत होते, उन्हात रंग बदलत होते आणि फुटत होते. पॅनेलच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्याला एकेक मोती. ज्या वाटा आम्हाला आख्खा पावसाळा दिसल्या नव्हत्या, त्या एका सकाळी स्वतःहून वर आल्या, बघा, मी इथे आहे म्हणत. इतक्या! ह्या एवढ्याशा डब्याला इतक्या वाटा! मी फवारा मारायचं विसरून शिडीवर तशीच उभी राहिले. खाली आई खुर्चीत बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. तिने तोंडाला पदर लावला होता आणि डोळे लहान पोरीसारखे मोठे केले होते.

"गारी दम घेते गो," ती हळूच म्हणाली.

मग काम सुरू झालं. त्याला घाई चालत नाही, हे मी आता कुणालाही सांगू शकते. सांध्यांत भरलेला जुना सुकलेला मसाला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, सगळा, कोपऱ्यातलासुद्धा. नव्याने जुन्यावर थापला तर चार दिवसांत सुटतो. मग स्पिरिटने पुसायचं. चौकट उचलून तिच्याखाली डांबरासारखी काळी चिकट पट्टी घालायची, स्क्रू बदलायचे, आवळायचे, आणि वरून मसाल्याचा जाड थर. वरचा पदर नेहमी खालच्या पदरावर यावा, कौलं येतात तसा, म्हणजे पाण्याला आत वळायला निमित्तच मिळत नाही. आई खालून बघत होती आणि मधेच म्हणायची, "भायेरशी ना?" "बाहेरूनच गं!" "हां. नायतर परत उलटा कराल."

परतीचा पाऊस विजा घेऊन आला. त्या संध्याकाळी असा कोसळला की कळंबोलीचे रस्ते दिसेनासे झाले. आम्ही तिघं गाडीतच बसलो, नव्या पांढऱ्या छताखाली. पत्रा दणाणत होता. पाऊस थांबला तेव्हा मी बॅटरी घेऊन इंच न् इंच बघितला. कोरडं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. चप्पल काढून आत शिरल्या, पलंगावर आडव्या झाल्या, गादी उचलून हुंगली, कपाटांत डोकं घालून हुंगलं. आई दारात काठी धरून उभी, शाळेचा निकाल लागायचा असावा तशी. त्या उठल्या, साडी नीट केली आणि म्हणाल्या, "जा आजी. बघून या." आई त्यांच्या गळ्यातच पडली.

आता दरवर्षी आम्ही आषाढाच्या आधी टपावर चढतो. पानं झाडायची, सांधे बघायचे, तडा दिसला की तिथल्या तिथे भरायचा. गाडी सपाट उभी करायची नाही, एक चाक जरा उंचावर, म्हणजे पाणी टपावर बसून राहत नाही. आणि झरोका रोज बोटभर उघडा ठेवायचा, त्याला वरून टोपी आहे, पाऊस आत येत नाही. लोक विचारतात, "इतकं बंद करून मग हे उघडं का ठेवता?" त्याचं कारण रणात घडलं.

पौषातल्या थंडीत आम्ही पोचलो. गाडी उभी केली, आईला दोन्हीकडून धरून उतरवलं आणि ती उभी राहिली. पुढे काहीच नव्हतं. मीठ होतं, फक्त मीठ. डोळ्यांना पुरणार नाही इतकं, आभाळाला टेकेपर्यंत. मी आयुष्यभर हा धडा शिकवला, फळ्यावर खडूने ते दाखवलं, आणि मला खरंच काही माहीत नव्हतं. आईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ती काहीतरी शोधत होती.

"बांध नाय," ती म्हणाली.

"नाही गं."

"कुठंच नाय." मग वाकता येत नसताना ती वाकली, चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. "मीठच हाय गो!" तिने हात जोडले. कुणाला ते मला माहीत नाही. आमच्या ह्यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

त्या रात्री फार थंडी होती. आईला गारवा लागू नये म्हणून मी सगळं घट्ट बंद केलं, झरोकासुद्धा. गाढ झोपलो तिघं. सकाळी उजाडताना माझ्या गालावर थेंब पडला.

मी ताडकन उठले. आख्खं छत थेंबांनी भरलं होतं. सगळ्यात दाट आईच्या डोक्यावर. "अहो, उठा, गळतंय!" हे मफलर गुंडाळत धावले, शिडी लावली, टपावर चढले. वरून ओरडले, "अगं, वर कोरडं ठाक आहे! आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नाही!" माझं डोकं चालेना. एवढं सगळं केलं, तरी? कुठून? कोणती वाट राहिली?

आई जागीच होती. वर बघत होती. ती हळूहळू उठून बसली, माझा खांदा धरून उभी राहिली, छताला बोट लावलं आणि ते बोट जिभेवर टेकवलं.

"गोडा हाय," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गात किती वेळा शिकवलं होतं मी हे. गरम ओलसर हवा वर जाते, गार छताला लागते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. रात्रभर बंद गाडीत आम्ही तिघं श्वास घेत होतो, तोच वर साचला होता. चहूबाजूंनी मीठ, आणि मधे ह्या एवढ्याशा डब्यात गोडं पाणी. आईला मी सांगितलं, "हे बाहेरचं नाही गं. आपल्या श्वासाचं आहे. तुझ्या डोक्यावर आहे ना, ते तुझं."

"माजा?"

"तुझाच श्वास. रात्रभराचा."

तिने पुन्हा वर बघितलं. एकदाही खोकली नव्हती ती रात्रभर. मी कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि छत पुसायला हात वर केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "जरा बगू दे."

मी फडकं ठेवलं, झरोका बोटभर उघडला आणि तिच्या शेजारी आडवी झाले. दोघी वर बघत राहिलो.